ताईच्या चालीचे दोनशे सोळा कागद

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा ॲनिमेशनपटांचं दिग्दर्शन, हे मृत्युपत्र दिनांक बारा मार्चपासून माझ्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, पण त्याचा या कागदाशी संबंध नाही. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, आणि देताना, "डोकं ठीक आहे, जीभ जरा आवरा," असंही बजावलं. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. असलीच तर माझ्याच मनाची आहे, आणि ती वकिलांना मोडून काढता येत नाही.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली होती. ती रद्द समजावीत. त्या दोन्हींत मी फार मोठा माणूस होतो.

कलम पहिले. राहतं घर माझ्या पश्चात चिरंजीवांकडे जावं. अट एकच. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, पुढच्या खोलीत राहते. ती असेपर्यंत ती खोली तिची. खोलीला रंग द्यायचा झाला तर रंग तिने निवडायचा. चिरंजीवांनी परस्पर कॉम्प्युटरवर निवडून रंगाऱ्याला पाठवू नये. गेल्या वेळी तसं केलं तेव्हा ताईला चार महिने दवाखान्यात राहिल्यासारखं वाटत होतं, असं तिनेच मला सांगितलं.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक चिरंजीव व सूनबाई यांनी निम्मी निम्मी घ्यावी. आकडे वकिलांकडे आहेत. त्यात कोणाची झोप उडेल असं काही नाही.

कलम तिसरे, सामान. खालून दिवा लागणारं काचेचं टेबल चित्रकलेच्या शाळेला द्यावं. त्याची डावी कड कापते, तिथे पट्टी चिकटवून द्यावी. कुंचले शाईवालीला ठेवायचे होते. शाईवाली म्हणजे माझ्याकडे बत्तीस वर्षं शाई आणि रंगाचं खातं सांभाळलेली बाई. तिने माझ्या चित्रांपायी डोळे घालवले. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणाले. मी तिला फोन करून विचारलं, "कुंचले हवेत की साक्षीदार व्हायचंय?" ती म्हणाली, "साक्षीदार." एका दमात म्हणाली. म्हणून कुंचले आजच तिच्या घरी पाठवले आहेत, ते मिळकतीत धरू नयेत.

कलम चौथे, जुने हिशेब. मी टूथब्रश नाचवत होतो. जाहिरातीसाठी, सात वर्षं. शेजारचे विचारायचे, "काय, अजून कार्टूनच का?" कार्टून म्हणजे पोराटोरांचं, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी इरेला पेटलो. ज्या ॲनिमेशनपटाला पोरांना दारातच अडवतील असा एक तरी करायचा, मगच मरायचं. चौतिसाव्या वर्षी केला. त्याला नाव होतं, पण लोक अजूनही 'डुकराचा सिनेमा' म्हणतात. एका बदनाम खानावळीत उतरलेलं डुक्कर, त्याला भेटणारी माणसं, आणि शेवटी डुक्करच त्यातल्या त्यात सभ्य निघतं.

परीक्षण मंडळाच्या अध्यक्षांनी डुकराला चड्डी घालायला लावली. सतराशे कागदांवर चड्डी काढावी लागली. मी ती एक माप लहान काढली. अध्यक्ष आता हयात नाहीत, तेव्हा त्यांना माफ केलं असं लिहायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर केलेलं नाही. ज्या समीक्षकाने मला 'प्रौढांच्या ॲनिमेशनचा जनक' म्हटलं, त्यालाही नाही. हा शब्द एकदा चिकटला तो चिकटलाच. त्यानंतर चाळीस वर्षं माझ्या तोंडावर कोणी खरं बोललं नाही.

कलम पाचवे. कपाटातल्या ढाली आणि पुतळे भंगारवाल्याला द्यावेत. चिरंजीव नको म्हणतील. तरी द्यावेत.

कलम सहावे. आधीची पाच लिहायला एक सकाळ पुरली. हे एकच तीन दिवस चाललं आहे.

लहानपणी आलेल्या तापात ताईचा डावा पाय आखूड राहिला. ती चालते तेव्हा आधी कंबर उचलते, मग पाय पुढे येतो, मग काहीतरी आठवल्यासारखी अर्धा क्षण थांबते आणि भिंतीला बोटं टेकवून पुढे जाते. आई लवकर गेली. मला शाळेत पोचवायला हीच यायची, पहिली रंगपेटी हिनेच आणली, मी चित्रंच काढणार म्हणून बाबांशी हीच भांडली. टपाल कचेरीत तिकिटांच्या खिडकीमागे नोकरी करत होती. लग्न केलं नाही.

डुकराच्या आधी मी मुलांसाठी एक गोष्ट करायला घेतली होती. तिच्यात एक राणी होती. मी ताईला म्हणालो, "राणी तुझ्यासारखी चालते. जरा चालून दाखव, कॅमेऱ्यात घेतो." तिला आयुष्यात कोणी राणी म्हटलं नव्हतं. आत जाऊन केस विंचरून आली. घरातल्या पॅसेजमध्ये अकरा वेळा चालली. अकराव्या वेळी हसली. तो तुकडा मी ठेवला. फिल्मवरचं एकेक चित्र खालून काचेवर पाडायचं, वर कागद ठेवून त्यावरून रेघ ओढायची, असं आमचं काम. अठरा सेकंदांच्या चालीचे दोनशे सोळा कागद झाले. माझ्या हातून त्याहून चांगलं काही झालेलं नाही.

मुलांचा चित्रपट बारगळला. पुढे डुकराच्या वेळी खानावळीच्या मालकिणीचं जिन्यावरून उतरणं काही केल्या जमेना. कोणीही काढलं तरी बाहुली उतरल्यासारखं दिसायचं. दहा दिवस उरले होते. मी राणीचा खोका काढला. तिच्यावर तोकडे कपडे चढवले, ओठ रंगवले, छाती दुप्पट केली, तोंड भलत्याच बाईचं बसवलं.

शाईवाली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिसऱ्या कागदावर तिचा हात थांबला.

"साहेब, या तर ताई."

"तोंड बघ. ताई दिसते का कुठे?"

"तोंडाचं नाही म्हणत मी. चाल."

मी तो कागद उचलून दिव्यावर उलटा धरला. मग म्हणालो, "कागद पालथे घाल."

पालथ्या कागदावरून रेघ ओढली की डावं उजवं होतं. मालकीणबाई उजव्या पायाने लंगडली. मला वाटलं, झालं, आता कोण ओळखतंय.

ज्यांनी कोणी याबद्दल विचारलं त्यांना मी आजवर सांगत आलो की कामाच्या नादात हात वळला, माझ्या लक्षातच आलं नाही. हे खोटं आहे. लक्षात आलं नसतं तर मी कागद पालथे घातले नसते. मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच केलं. हे वाक्य लिहायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. लिहिल्यावरही हलकं काही वाटलेलं नाही.

त्या जिन्यावर थिएटरं शिट्ट्यांनी फुटली. मालकीणबाईच्या पावलाला ढोलाचा ठेका होता, दोन ठोके, मध्ये थांबा, एक ठोका. तो ठेका पोरं बाकावर वाजवू लागली. महिन्याभरात आमच्या रस्त्यावरही कोणीतरी पत्र्याच्या दारावर वाजवला, ताई घराकडे येत असताना, अगदी तिच्या पावलावर पाऊल धरून. तोंड बदललं, पाय बदलला, तरी रोज तिला जाता-येता बघणाऱ्यांना तिची चाल एका नजरेत कळली. हा धंदा करणारा एकटा मीच काय तो आंधळा, किंवा तसं दाखवणारा.

ताईची कचेरी साडेनऊची. ती पावणेसातला निघू लागली. तेव्हा रस्त्यावर कोणी नसायचं. संध्याकाळी सगळे घरी पोचले की यायची. निवृत्त होईपर्यंत एकोणीस वर्षं हे चाललं. मी लोकांना कौतुकाने सांगायचो, "आमच्या ताईसारखी वक्तशीर बाई बघितली नाही." ती एवढ्या लवकर का निघते हे मला माहीत होतं. तिने एका शब्दाने विचारलं नाही, आणि मी त्याला क्षमा समजून वापरलं. तिने तो चित्रपटही पाहिला नाही.

वर कळस म्हणजे मी या चालीवर भाषणं दिली. विद्यार्थ्यांना सांगितलं की एका खानावळवालीच्या मागे दोन महिने हिंडून तिचा अभ्यास केला. तशी बाईच नव्हती. मला लाज वाटते. आधी नुसतीच वाटायची, आता ती जेवताना समोर बसते, कारण ताई समोर बसते.

सबब, त्या चित्रपटाचे माझ्याकडचे सर्व हक्क, मूळ फिल्म आणि ते दोनशे सोळा कागद माझ्या पश्चात ताईच्या मालकीचे होतील. जिन्याचा तो भाग ठेवावा, कापावा की जाळावा हे ती ठरवील. चिरंजीव, समीक्षक किंवा कोणतीही संस्था यांना त्यात अवाक्षर काढण्याचा अधिकार नाही.

कलम सातवे. आज पंधरा तारीख. सहावं कलम मी सकाळी ताईला वाचून दाखवलं. ती पुढच्या खोलीत उशीला अभ्रा घालत होती. मी दोनदा ओळ चुकलो. ती म्हणाली, "चष्मा नीट लाव." मी शेवटपर्यंत वाचलं. तिने अभ्र्याची चारही टोकं बसवली.

"तू गेल्यावर मी ठरवायचं?"

"हो."

"मी चौऱ्याऐंशीची, तू एकोणऐंशीचा. तू आधी जाणार हे कुणी सांगितलं तुला?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"आणि गेल्यावरच का? तू जाशील, वकील वाचतील, मी एकटी बसून ऐकणार. तुला काय, तू सुटलास. बरी सोय बघितलीस रे."

"ताई, चुकलं माझं."

"ते कळलं. बंद खोलीत कळलं. शिट्ट्या काय खोलीत वाजल्या होत्या?"

तिने टेबलावरचं निमंत्रण उचललं. येत्या शनिवारी, अठरा तारखेला, जुन्या चित्रपटांची जपणूक करणारी संस्था डुकराचा सिनेमा धुऊनपुसून पुन्हा दाखवणार आहे आणि माझा सत्कार करणार आहे. कार्डावर चित्र छापलं आहे ते जिन्यावरच्या मालकीणबाईचंच. आठवडाभर ते कार्ड टेबलावर होतं आणि आम्ही दोघं त्याच्यावरून चहाचे कप पुढे-मागे करत होतो.

"मी येते शनिवारी," ताई म्हणाली. "पहिल्या रांगेत बसते. जिना आला की थांबवायला सांग. उभा राहा आणि सांग ही चाल कुणाची. राणी म्हणून घेतलीस तेही सांग. कागद पालथे घातलेस तेही."

"लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणाले ते मला माहीत आहे. तुला काय म्हणतात ते बघू."

मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "बोललास तर कापाकापी नको. राहू दे तसंच. चाल माझी आहे, चांगली काढली असशील. नाही बोललास तर मग मला कात्री दे, तुझ्या मागे मी बघते."

एवढं बोलून ती भिंतीला बोटं टेकवत स्वयंपाकघरात गेली.

कलम आठवे, आणि शेवटचे. वकील व साक्षीदार सत्तावीस तारखेला सह्यांसाठी यायचे आहेत. तोवर हा कागद माझ्याच टेबलावर आहे आणि पेनही. शनिवारी मी सभागृहात बोललो, तर घरी येऊन सहाव्या कलमावर एक आडवी रेघ मारीन, खालचं वाचता येईल अशी. ती रेघ असेल तर ते कलम रद्द, चित्रपट आहे तसा राहील, आणि माझ्या बहिणीने मला जिवंतपणी कबूल करताना पाहिलं असं समजावं. रेघ नसेल तर मी बोललो नाही. मग कलम शब्दशः लागू होईल, आणि त्याबद्दल माझ्या वतीने कोणीही सारवासारव करू नये. कानाचं, वयाचं किंवा तब्येतीचं कारण सांगू नये. मला त्या दिवशी उभं राहता येईल. पाय माझे दोन्ही सारखे आहेत.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि ते माझंच आहे हे मान्य करून सही करत आहे.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: सत्तावीस मार्च

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिली: (सही) शाई व रंगकाम, निवृत्त
साक्षीदार दुसरे: (सही) कुटुंबाचे डॉक्टर

वकिलांची नोंद: पाने नऊ. लिहून ठेवणाऱ्याने प्रत्येक पानावर आमच्यासमोर सही केली. सर्व आठ कलमे ओळीने तपासून पाहिली. दस्तात कोठेही रेघ, खाडाखोड अथवा दुरुस्ती नाही.