बाबल हवालदार निर्दोष आहे

पेण,
रविवार, १२ फेब्रुवारी १९८९

प्रिय शकू,

भाऊंनी मला विचारलं, "पुंडलिक, हे मी सांगितलं होतं?" आणि मी म्हणालो, "हो भाऊ, तुम्हीच." माझं सगळं त्या क्षणी बदललं. कॉलेज सोडलं त्या दिवशी नाही, तुला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशीही नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, याच टेबलापाशी. तू आत तिळाच्या वड्या कापत होतीस, सुरीचा आवाज बाहेर येत होता. आमचं बोलणं तू ऐकलंही असशील. पण त्यात तुला ऐकण्यासारखं काय वाटणार?

सकाळच्या एस.टी.नं तुम्ही रोह्याला गेलात. गोदूआत्यांकडे जेवण, चार वाजता तिथल्या वाचनालयात वाचकांची सभा, रात्री परत, आणि मंगळवारी भाऊंना घेऊन मुंबईला डोक्याच्या डॉक्टरकडे. जाताना मांजरासाठी म्हणून किल्ली माझ्या हातात ठेवलीस. मांजराला दूध घातलंय. आता माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसून लिहितोय. साडेदहा वाजलेत. दुपारची रोह्याची गाडी गाठायची आहे, म्हणून अक्षर कसंही येईल. तू म्हणतेस ना, मी बोलायला लागलो की आधी भांडण येतं आणि मागून मुद्दा. म्हणून आज कागदावर.

भाऊ, म्हणजे तुझे वडील, कोर्टातले दिनानाथ नाझर, हेच 'फौजदार गवाणकर' रहस्यमाला लिहितात हे मला कॉलेजात कळलं, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आमच्या मिठागरावर देव मानत होते गं त्या माणसाला. भर दुपारी ऊन असं तापायचं की मिठाच्या कोंडीत पाय ठरत नसे. मग बाबा, दाजी आणि बाकीचे सात-आठ जण झापाच्या खोपटात बसायचे आणि मी मोठ्यानं वाचायचो. गवाणकर फौजदाराचं कुणाला फार पडलेलं नव्हतं. तो हुशार, इंग्रजी बोलणारा, खून कुणी केला ते शेवटी सांगणारा. सगळे वाट बघायचे ती बाबल हवालदाराची. मिठागरातला पोर, टाचांना भेगा पडलेला, सदा भुकेला, खिशात तंबाखूच्या चुन्याची चुनाळी, आणि साहेबापुढेसुद्धा खोटं न बोलणारा. बाबल पानावर आला की दाजी मांडीवर थाप मारून म्हणायचा, "आला आपला मानूस!" एकसष्ट पुस्तकं, शकू. एकसष्ट वेळा आला आपला माणूस.

कॉलेजचं तुला ठाऊक आहे. कँटीनमध्ये वर्गातला तो पोरगा तुझ्याबद्दल जे बोलला ते बोलला, आणि मी त्याच्या तोंडावर बशी फोडली. प्राचार्य म्हणाले, माफीचं पत्र लिहून दे, प्रकरण मिटवतो. मी लिहिलं नाही. तसाच फाटकाबाहेर आलो, परत गेलो नाही. तेव्हा भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, आणि तूच त्यांना म्हणालीस, एक मुलगा आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, डोकं मात्र तापट आहे. भाऊ हसले होते. "डोकं माझं आहे, मला अक्षरच हवंय."

दोन वर्षं मी त्यांचं अक्षर झालो. ते खिडकीपासून कपाटापर्यंत येरझारा घालत सांगायचे, मध्येच तपकिरीची चिमूट, मी कच्च्या वहीत उतरवायचो. मग घरी नेऊन पक्की प्रत करायची, मुंबईला प्रकाशकाकडे पाठवायची, छपाईची तपासणीही मीच करायची. भाऊंना ओळ दिसत नव्हती. त्यांनी एकदाही मला म्हटलं नाही की पक्की प्रत वाचून दाखव. इतका भरवसा.

बासष्टावं पुस्तक 'खाडीतला दिवा'. म्हातारे वकील आपल्या घरात मरून पडलेत. त्या रात्री घरात तिघं, वकिलांची मुलगी, पहाऱ्यावर किल्ली सांभाळणारा बाबल, आणि वकिलांचा लेखनिक नंदू. नंदूनं कॉलेज अर्धवट सोडलंय. नंदूचा हात लवकर उठतो. नंदूचा वकिलांच्या मुलीवर जीव आहे. मी लिहीत होतो आणि कान गरम होत होते. रोज वाटायचं, आज भाऊ मान वळवून माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. आणि दसऱ्यानंतर एके दिवशी शेवटचं प्रकरण सांगितलं. खुनी नंदू. वकिलांनी मुलगी द्यायला नकार दिला, म्हणून रागाच्या भरात. गवाणकर वकिलांच्या मुलीला म्हणतो, "बाई, ज्याला स्वतःचा राग सांभाळता येत नाही, तो तुम्हाला काय सांभाळणार?" भाऊ म्हणाले, "उतरवलंस? नीट उतरव, हे वाक्य महत्त्वाचं आहे."

त्याच्या आदल्याच आठवड्यात रामवाडीच्या स्टँडवर तू मला म्हणाली होतीस, "पुस्तक संपू दे, मग मी भाऊंशी आपलं बोलते." मी आठ दिवस त्या एका वाक्यावर जगत होतो. आणि आता मला वाटलं, तू बोलण्याआधीच भाऊंनी उत्तर देऊन टाकलं, तेही माझ्याच हातानं लिहवून घेऊन. मी तुला विचारलं नाही, त्यांना विचारलं नाही. घरी गेलो आणि एका बैठकीत शेवटचं प्रकरण बदललं. नंदू निर्दोष. मग खुनी कोण? मुलगी होणार नाही. उरला बाबल. किल्ली त्याच्याकडेच होती, मला फार डोकंही चालवावं लागलं नाही. वकिलांच्या अंगाखाली त्याची चुनाळी सापडते आणि गवाणकर स्वतःच्या हातानं त्याला बेड्या घालतो. खरं सांगतो, लिहिताना मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी पाकीट पोस्टात टाकून आलो, तेव्हाही तो उतरला नव्हता. नंतर कितीतरी दिवस म्हणत होतो, उद्या सांगू. उद्या छपाई झाली.

मग पत्रं आली. तू ती टेबलावर आणून ठेवायचीस आणि वाचून दाखवायचं काम माझं. धाटावच्या एका कंपनीतल्यानं लिहिलं होतं, "आमच्या शिफ्टचे सहा जण तुमचं पुस्तक फिरवून वाचतो. या वेळी सातव्यानं मागितलं, आम्ही दिलं नाही. लाज वाटली." कासूच्या एका बाईंनी फक्त मुखपृष्ठ फाडून पाठवलं. इथल्या वाचनालयातल्या प्रतीत शेवटच्या पानावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय, "म्हाताऱ्याला आता आराम द्या." त्याखाली दुसऱ्या हातानं, "बाबलला सोडा." त्याखाली तिसऱ्यानं नुसती रेघ ओढलीय, कागद फाटेपर्यंत.

आणि आमचं खोपट. दाजीनं पुस्तक कोंडीत भिरकावलं. बाबांनी ते उचलून वाळवलं, पानं मिठानं पापडासारखी कडक झालीत. त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. मला म्हणाले, "पुंडल्या, तू तिथं लिवाला जातस ना? इचार त्या मानसाला, बाबलनी त्याचं काय वाकडं केलं व्हतं?" आई चुलीपाशी म्हणाली, "जाव द्या वो. डोले गेले बिचाऱ्याचे, आता डोकं पन गेलं." मी ताटावरून उठलो, बाहेर जाऊन बांधावर बसलो आणि सगळ्या जगाचा राग आला. भाऊंचा, दाजीचा, त्या शिफ्टच्या सहा जणांचा. स्वतःचा यायला बराच वेळ लागला.

ती पत्रं ऐकून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "शेवटचं पान वाच." मी छापलेलं वाचलं. ते खिडकीपाशी थांबले. चिमूट तशीच बोटांत. "हे मी सांगितलं होतं?" आणि मी म्हणालो, तुम्हीच. मग अगदी हळू, जणू माझीच समजूत काढत, म्हणाले, "माझ्या डोक्यात तर नंदू होता. मी त्यात माझंच तरुणपण घातलं होतं, पुंडलिक. मीही कॉलेज असंच सोडलेलं. शकूच्या आईच्या वडिलांवर एकदा हात उगारला होता, तिनं मधे पडून आवरलं. ती नसती तर काय झालं असतं, ते मला एकदा लिहायचं होतं. पण तू म्हणतोस बाबल. म्हणजे ते मी नुसतं मनातच म्हटलं असणार."

नंदू मी नव्हतोच, शकू. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तू वड्यांची बशी घेऊन आलीस, आणि भाऊंनी विचारलं, "शकू, आज वार कोणता?" तू हसलीस. तुला वाटलं सहज विचारताहेत. त्या दिवसापासून ते स्वतःची परीक्षा घेताहेत. पहाटे बासष्ट पुस्तकांची नावं ओळीनं म्हणतात. कोर्टातल्या न्यायाधीशांची नावं सालासकट म्हणतात. सगळं बरोबर येतं, आणि बरोबर आलं की ते जास्तच घाबरतात, म्हणतात, मग तेवढंच कसं पुसलं गेलं? गेल्या गुरुवारी तू मोरीपाशी रडत होतीस. मला पाहून डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "तू आहेस म्हणून बरं, पुंडलिक." त्या वाक्यासाठी मी दोन वर्षं काय वाटेल ते दिलं असतं. ते ऐकून मी सायकल घेतली आणि थेट खाडीपर्यंत गेलो, का ते मलाही कळलं नाही.

काल भाऊंनी आजच्या सभेचं निवेदन सांगितलं. मी वही उघडली तर म्हणाले, "नको, हे शेवटचं शकू लिहील." मी दाराशी उभा राहून ऐकलं. "माझं डोकं आता साथ देत नाही. वाचकांची आणि बाबल हवालदाराची माफी मागून मी ही मालिका बंद करतो." तू लिहिलंस, टीपकागद दाबलास, घडी घातलीस. ते निवेदन आता तुझ्या पर्समध्ये आहे आणि तुम्ही आत्यांकडे पोहोचलाही असाल.

भाऊ ते वाचणार नाहीत. चारच्या आधी मी वाचनालयात असेन. कच्ची वही माझ्या पिशवीत आहे, शेवटचं प्रकरण जसं त्यांनी सांगितलं तसं, तारखेसह. सगळ्यांसमोर उभा राहून ते वाचणार आणि सांगणार की शेवट मी बदलला, मीच खोटं बोललो, भाऊंचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, मंगळवारी कुठल्याही डॉक्टरकडे जायचं कारण नाही. लोक अंगावर आले तर येऊ देत. धाटावचे सहा जण येणारच असतील. या वेळी हात उचलणार नाही, एवढं माझ्यापुरतं ठरवलंय.

तू हे वाचशील तेव्हा हे सगळं तुला तोंडी कळलेलं असेल, मग पत्र कशाला, असं म्हणशील. सभेत ते मला विचारणार, का बदललंस? आणि तिथं मी गप्प राहणार. मूर्ख म्हणू देत, पैसे खाल्ले म्हणू देत, म्हाताऱ्याचं नाव चोरायला निघाला होता म्हणू देत. ते 'का' सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल, आणि रोह्याच्या भरल्या सभेत तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. एकदा कँटीनमध्ये चारचौघांत निघालं होतं, पुरे. म्हणून ते फक्त तुला लिहिलं. स्टँडवर मला दिलेला शब्द तू मोडलास असं मी कधीच समजणार नाही, तो मीच मोडलाय. भाऊंना हे दाखवायचं की नाही ते तू ठरव. साडेअकरा झाले. तुमच्या दाराला लॅच आहे, एकदा ओढलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. तुझी किल्ली तुझ्याजवळ आहेच. माझ्याकडची या कागदावर ठेवतोय, कारण मला माझा भरवसा नाही. स्टेशनच्या वाटेवर अर्ध्यातून परत फिरेन आणि पत्र उचलून फाडेन. मांजर बाहेर काढलंय, खिडक्या लावल्यात. वही घेतली. निघालो, दार ओढून घेतोय.

अजूनही तुझाच,
पुंडलिक