आमच्या गल्लीचा आकडा

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार
उपवास. नागनाथाची पूजा झाली. वसमतच्या महिला समुपदेशन केंद्राच्या मिना मॅडम आल्या होत्या. घरात बायांना मारहाण होते का, याची पाहणी आहे. गल्लीत मॅट्रिक पास मी एकटी, त्यात बचत गटाचा हिशोब ठेवणारी, म्हणून साठ घरांचे साठ फॉर्म माझ्याकडं. बारा प्रश्न, हो किंवा नाही. ज्या गावाचा आकडा मोठा, तिथं केंद्राच्या बाई बायांचं ऐकून घ्यायला दर गुरुवारी येऊन बसणार. बाकीच्यांनी वसमत गाठायचं. ग्रामस्वच्छतेत आपला नंबर हुकला. यात हुकू देणार नाही. असा स्वच्छ आकडा देते की मॅडम बघतच राहतील.

१३ फेब्रुवारी
संकल्प : रोज सहा घरं. दहा दिवसांत काम खलास.
शेजारच्या शिलानं ओट्यावरून विचारलं, काकू, त्या गुरुवारच्या बाई कधीपासून येणार? तुला काय काम, म्हटलं. काही न्हाई म्हणे, सहज. वसमतला जाते म्हणलं की सासू स्टँडपर्यंत मागं येते. कोपराला फडकं बांधलेलं होतं. भाकरी भाजताना पोळलं म्हणाली. आजकालच्या पोरी कोपरानं भाकरी भाजतात की काय!

१५ फेब्रुवारी
अजून एकही घर नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, एकेकीला एकटीला विचारा, घरात कोणी नसताना. मला पटत नाही. आपण काय चोर आहोत? उद्या महाशिवरात्र. सगळ्या बाया देवळात येतील. एका दमात साठ घरं. चपला पण झिजायच्या नाहीत.

१६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
भजनानंतर उभी राहून बाराही प्रश्न खणखणीत वाचले. सासवा पुढं, सुना मागं. म्हटलं, जिला नवरा मारतो तिनं हात वर करा. एकही हात नाही.
शिलाची सासू सुमनबाई म्हणाली, काहून विचारून राहिली गं रुख्मिणे? आमच्या घरात काय कसाई राहतात? सगळ्या हसल्या. शिला पण हसली, जरा उशिरानं. म्हाताऱ्या जनकाबाई तेवढ्या बोलल्या, माझा मारायचा बाई, पण आता न्हाई मारत, मरून सहा वर्षं झाली. प्रश्न मागच्या बारा महिन्यांचा आहे. म्हणून "नाही" धरलं.
देवाच्या दारात खोटं कोण बोलेल? घरं साठ, आकडा शून्य.

१८ फेब्रुवारी
फॉर्म भरून झाले. पहिल्यावर बारा वेळा "नाही", पुढच्यांवर "वरीलप्रमाणे". शाई वाचते.
स्वतःचा फॉर्म भरताना एका प्रश्नाला जरा अडले. वस्तू फेकून मारतात का. काल ह्यांनी ताट भिरकावलं, पण नेम भिंतीचा होता. मी मध्ये आले. खांदा दोन दिवसांत बरा होईल. वरीलप्रमाणे.

५ मार्च, सोमवार
मॅडम येऊन गेल्या. फॉर्म बराच वेळ चाळत होत्या. एकटीला विचारलं ना, म्हणाल्या. म्हटलं, देवासमोर विचारलं, याहून एकांत कुठला? त्यांनी कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं, चहा दिला. म्हणाल्या, रुख्मिणीबाई, शून्य आला म्हणून मार नाही असं मी धरत नाही हो. पण वर माणूस जात नाही, कागद जातो. आठ दिवसांत परत विचारा.
संकल्प : उद्यापासून दारोदार.

१३ मार्च
आठ दिवस हळद शिजवण्यात गेले. त्याला माझा इलाज नाही.
एक घर मात्र केलं, शिलाचं. सुमनबाई शेजारी बसून होती, नवरा विकास दारात उभा. शिलानं तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, लिहा काकू, न्हाई. बाराही उत्तरं त्यानंच दिली, अगदी बराबर, न अडखळता. असा बायकोला तकलीफ न देणारा नवरा मिळायला पुण्य लागतं. फॉर्म पोस्टानं धाडले, जसेच्या तसे.

२६ मार्च, सोमवार
निकाल आला! गुरुवारच्या बाई दुसऱ्या गावाला दिल्या. त्यांचा आकडा एक्केचाळीस. काय ते गाव! मी गल्लीत चिमूट चिमूट साखर वाटली.
शिलानं साखर घेतली नाही. म्हणाली, म्हणजे त्या इथं येणारच न्हाईत? म्हटलं, आता गरजच नाही उरली. तर म्हणते, काकू, मला एकटीला काहून न्हाई विचारलं? म्हटलं, अगं, तुझ्या घरी चहा पिऊन गेले की मी. ती आत निघून गेली. उद्धटच आहे पोरगी.

९ एप्रिल, सोमवार
शिलाचा हात मोडला. न्हाणीत पडली, असं सुमनबाई सगळ्यांना सांगत होती. न विचारता सांगत होती. वसमतच्या दवाखान्यात कोण नेणार म्हणून मी निघाले. प्लास्टर झाल्यावर शिला म्हणाली, काकू, आता केंद्रात चला.
मिना मॅडमनी तिला आत घेतलं, दार लावलं. मी बाहेर बाकावर. तास गेला. मग मला बोलावलं. पुन्हा दार लावलं. तेच बारा प्रश्न. पहिल्या दोन प्रश्नांना मी झटकन "नाही" म्हटलं. तिसऱ्याला म्हणाले, तसं मारत नाहीत. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग कसं?
असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. साडेचारची गाडी गेली. सहाची सापडली.
आमच्या गल्लीचा आकडा आता दोन. मॅडम म्हणाल्या, दोनावर गुरुवार मिळत नाही, आणि पुढची पाहणी कधी ते वरून ठरतं. तोवर वसमतलाच यायचं. आम्हा दोघींना पुढचा सोमवार दिलाय.
घरी काय सांगून निघायचं, ते अजून सुचलेलं नाही.