कोपऱ्यावरचं कुंकू

शनिवार, २८ मे १९३८
पुण्याहून परत आलो, मामा आणि मी. अंग आंबलं आहे. कॉलेजची मुलाखत झाली एकदाची. घेणाऱ्या बाई एकट्याच होत्या, पण पहिल्याच प्रश्नाला माझी दातखीळ बसली. "भाऊ किती?" मी म्हटलं, "एक शे." 'आहे'च्या जागी 'शे'! मेलेच. मामांनी महिनाभर घोकून घेतलेलं शुद्ध मराठी गेलं पाण्यात. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या बोलीतच सांगा, तापीला पूर येतो तेव्हा घरात काय काय करता?" मग मी जी सुटले ती थांबेचना.
शेवटी बाई म्हणाल्या, "बोर्डिंगात एकच जागा उरली आहे. मागल्या साली दोघींनी जागा अडवल्या आणि लग्न करून घरी बसल्या. तुमचं ठरलं नाही ना?" "नाही." एवढं एकच उत्तर न अडखळता दिलं.

रविवार, २९ मे
मामा शाळामास्तर, त्यामुळे रीतभात त्यांना ठाऊक. म्हणाले, बाईंना आभाराचं पत्र लिही. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, की मला माझ्या बोलीत बोलू दिलंत, नाहीतर मी रडले असते. बरं लिहिलं की वाईट, कळत नाही. पाकीट फडताळात ठेवलंय. मामा उद्या टपालात टाकतील.

मंगळवार, ३१ मे
माय भाकरी थापता थापता सहज म्हणाली, "तुन्हा कागदले हळद-कुंकू लाई दिनं मी. कोरा कागद धाडस का कोनी शुभ कामले?"
चारही कोपऱ्यांना लावलंय म्हणे. पाकिटालाही आणि आतल्या कागदालाही. मी पाकीट डिंकाने चिकटवून ठेवलं नव्हतं, माझंच चुकलं.
पत्र कालच गेलं. बाई पाकीट हातात घेतील, आणि वाचायच्या आधीच... लग्नपत्रिका. दुसरं काय वाटणार? मायला काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलू, तिने तर देव्हाऱ्यातलं कुंकू वापरलं.

बुधवार, १ जून
मामांना सांगितलं. ते आधी हसले, मग दौत माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, आजच दुसरं पत्र लिही, लग्न ठरलेलं नाही म्हणून.
लिहायला बसले तोच आबा आले. शहाद्याकडचे पाहुणे रविवारी मला बघायला येणार आहेत. आबांनी पोटच्या पोरीला विचारलं नाही, सांगितलं.
आता ते वाक्य कसं लिहू? आज खरं, रविवारी खोटं.

रविवार, ५ जून
आले. मुलगा नव्हता, त्याचे काका आणि आत्या. आत्याने विचारलं, "सैपाक येस का?" मी नुसती मान हलवली. दातखीळ इथेही, पण इथे तिचं कौतुक झालं. पोर गरीब शे, म्हणे. जाताना काका म्हणाले, कागद धाडून कळवतो.
म्हणजे आता दोन टपालांची वाट. टपालवाला सोमवारी आणि गुरुवारी येतो. रात्रंदिवस भीती वाटते. जेवण जात नाही.

गुरुवार, ९ जून
बाईंचं कार्ड आलं. आबा ओट्यावर होते. "बाईनं काय लिखं शे? वाच."
आबांना अक्षरओळख नाही. मी काहीही वाचू शकले असते. सगळं जसंच्या तसं वाचलं.
"तुमचे पत्र पोचले. तापीच्या पुराइतकेच आवडले. कोपरे पाहिले. विवाह ठरला असल्यास आनंदच आहे, तसे कळवावे, जागा दुसरीस देता येईल. ठरला नसल्यास उलट टपाली लिहावे व वीस तारखेस हजर व्हावे."
आबा उठून बैलांकडे गेले. माय म्हणाली, "कोपरा? मन्हामुये व्हयनं का हाई?" सगळा दोष स्वतःकडे घेतलेला तिचा चेहरा बघवेना. मग म्हणाली, "दुसरा कागद लिख. आते मी हात लावस नही."
लिहिला. 'माझा विवाह ठरलेला नाही.' पण आबांना विचारल्याशिवाय टाकायची छाती होत नाही.

शनिवार, ११ जून
पत्र फडताळातच. दोनदा आबांसमोर जाऊन पाणी देऊन परत आले. भित्री आहे मी, नुसती भित्री.

सोमवार, १३ जून
दुपारी टपालवाला आला. आबांच्या हातात पाकीट दिलं. शहाद्याचं. कोपरे पिवळे, वर कुंकू. होकारच, वाचायची गरज नव्हती.
मामांना हाक मारतील, तेच वाचतील असं वाटलं. आबांनी पाकीट उलटंपालटं केलं, न फोडता बंडीच्या खिशात घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुन्हा कागद पह्यले टाकी ये."
अनवाणीच धावले. टपालवाला चावडीपाशी पेटीला कुलूप लावत होता. त्याच्या हातात दिलं. थैलीत पडलं तोवर तरी त्यातलं वाक्य खरं होतं.
परत आले तर ओटा रिकामा. माय म्हणाली, शेतात गेले, बंडी घालूनच गेले; पाकीट खिशातच, न फोडलेलं.
दिवेलागण झाली. आबा अजून आलेले नाहीत.