न्हुंगची फुलदाणी

आईस, बिएन होआहून दिएमचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. आजोबांचा खोकला थांबला का?

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. काल कॉलेजात मातीची भांडी भाजायची गॅसची भट्टी पेटवताना माझी मैत्रीण न्हुंग पुढे होती. आत गॅस साचला होता. तिनं काडी लावताच जाळ अंगावर आला. तिच्या भुवया जळाल्या, हात भाजला. मी तिला मागे ओढलं. मला काहीच झालेलं नाही, खरंच.

दवाखान्यात ती म्हणाली, "भुवया काय गं, पेन्सिलीनंही काढता येतात! पण माझी परीक्षेची फुलदाणी तूच भाज, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस." मी हसून हो म्हटलं आणि बाहेर येऊन ओकले.

सरांनी भट्टी दुरुस्त करून घेतली आहे. पुढच्या सोमवारी ती मी पेटवणार आहे. आज मात्र भाताखालची शेगडी पेटवायलाही माझा हात धजला नाही, खोलीतल्या मुलीला सांगितलं.

आई, रविवारी फोन कर. फक्त "घरी ये" असं म्हणू नकोस. तू म्हणालीस, तर मी खरंच निघून येईन.

तुझीच,
दिएम