डुगडुगत्या खुर्चीचे आशीर्वाद

ता. ६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आजीचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. मी बोलते आहे आणि तुझी आत्या लिहिते आहे, तेव्हा शहाणपण माझं आणि चुका तिच्या.

तुझा तो गेम-ॲनिमेवरचा ब्लॉग महिनाअखेरीस वर्षाचा होणार आणि त्याच दिवशी तू तो पुसून टाकणार, असं तू आत्याला फोनवर म्हणालीस म्हणे. डोकं ठिकाणावर आहे ना? मला अक्षर येत नाही. गेम खेळावा तर बोटं ऐकत नाहीत. ॲनिमे बघायला बसले तर चित्रं माझ्याआधी पळतात. दर रविवारी आत्या तुझं वाचून दाखवते, तेवढीच माझी चैन. त्या ॲनिमेतल्या, दीपगृहातल्या मुलीचा हरवलेला भाऊ सापडला की नाही, हे न सांगता दुकान बंद करतेस?

आणि लोक तुला किती गोड कमेंट लिहितात! तो 'काळा चिलखत्या' तर दर वेळी म्हणतो, ताई, तुमचं वाचलं की दिवस बरा जातो. मी जन्मभर या घरात रांधलं, पण इतकं कौतुक तुझ्या आजोबांच्या तोंडून कधी निघालं नाही. अशी माणसं मिळतात कुठे? नीट विचार कर.

गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी. लोभ आहेच, तो काही पुसता येत नाही.

तुझी आजी

ता. १४ ऑगस्ट

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग अंगावर काटा आला. काळा चिलखत्या गोड? तो लिहितो की माझ्यासारखीने भांडी घासावीत, गेमला हात लावू नये. पुढचं वाक्य मी कागदावर उतरवणार नाही, कागदाला लाज वाटेल. आत्याचा चष्मा एकदा तपासून घे.

वर्षाकडे वळून बघितलं की किळस येते, आजी. सुरुवातीला आवडेल ते लिहायचे, तेव्हा चिटपाखरू फिरकत नव्हतं. मग एकदा चिडून एका गेमची पार सालटी काढली, तर गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं आली. मग दर रविवारी सालटी काढत बसले. आवडलेल्यालाही नावं ठेवली. आता तो स्क्रीन उघडला की रात्रभर मोरीत पडलेलं खरकटं बघितल्यासारखं होतं.

सगळ्यात ओंगळ आहे ती 'डुगडुगती खुर्ची' नावाची बाई. कोणी मला शिवी दिली की ही खाली लिहिते, किती छान बोललास रे बाळा, असाच लिहीत राहा, सुखी राहा. इतकं कुजकं मन असतं कुणाचं? तिला एकदा समोर उभी करून विचारायचंय.

माझं ठरलंय. पुसणार.

लोभ असावा, निदान तुझा तरी.

भिंगरी

ता. २० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आज मोजून एकच.

तुझं पत्र आलं तेव्हा आत्या कामावर होती. गुडघ्याचा व्यायाम घ्यायला येतात त्या बाईंनी वाचून दाखवलं. पाय दुमडताना त्या दया करत नाहीत, वाचतानाही केली नाही. डुगडुगत्या खुर्चीपाशी आल्या आणि माझी खुर्ची हलायची थांबली. अगं, ती कुजक्या मनाची बाई मीच. आत्या कमेंट वाचायची, मी उत्तर सांगायचे, ती ते टाकायची.

संध्याकाळी आत्याला पुढ्यात बसवलं. म्हणाली, आईला इतकं घाण कसं वाचून दाखवू? म्हणून शिवी आली की ती मनाने कौतुक रचून वाचायची. आणि माझे आशीर्वाद मात्र इमानेइतबारे त्या शिवीखाली नेऊन चिकटवायची. अशी ही माझी हुशार लेक. (असंच बोलणार असशील तर मी लिहिणार नाही. – आत्या) लिहील, जाते कुठे.

मग बाईंकडून वर्षभराचं सगळं जसंच्या तसं ऐकलं. दात काढून पाण्यात ठेवते तसे कानही काढून ठेवता आले असते तर बरं झालं असतं. पण भिंगरे, लोकांचं ऐकून शिसारी आली आणि तुझं ऐकून ओकारी.

तळ्यावर मासे धरायच्या गेमवर तू लिहिलेलं मला फार आवडलं होतं. ते धुकं, मासा सोडून दिला की मान डोलावणारा तो म्हातारा कोळी. आत्याने तेवढंच वाचलं होतं. पुढे तू लिहिलंस की हे बनवणाऱ्याला याच तळ्यात बुडवा. त्याखाली त्या माणसाने स्वतः लिहिलंय. एकट्याने बनवला म्हणे. कोळ्याची चाल त्याच्या वारलेल्या वडिलांची आहे. तुझं वाचल्यापासून कामाला हात लावावासा वाटत नाही. एक वाकडा शब्द नाही. आत्याने त्या जागी मला कसलासा विनोद वाचून दाखवला होता. त्यामुळे त्याच्या दुःखाखाली माझं उत्तर काय, तर 'पोट धरून हसले रे बाळा'.

ते माझ्या घशात अडकलंय. गिळवत नाही, थुंकवत नाही.

पुसणार म्हणतेस. खरकटं ताट पलंगाखाली सरकवलं म्हणजे घासून झालं का? तू पुसशील, पण त्याने वाचलंय त्याचं काय? आधी घास, मग काय ते कर.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.

आजी

ता. ३१ ऑगस्ट

ती. आजीस व आत्यास,

सा. न. आजी, त्याहून ओंगळ ऐक. तो गेम मी अर्धाच खेळून सोडला होता. परवा शेवटपर्यंत खेळले. शेवटी कोळी जाळं आपल्या हातात देतो आणि पाठमोरा निघून जातो. मला बघवलं नाही.

त्या लेखातला एक शब्दही पुसला नाही. वर लिहिलं की हे मी अर्धाच खेळून, गर्दी जमावी म्हणून लिहिलं. खाली आत्या वाचायची तसा, वाकडं गाळून, तोच लेख पुन्हा ठेवला. बुडवण्याचं काढलं तर उरलेलं सगळं माझंच होतं, हे बघून मला स्वतःचीच जास्त चीड आली. त्या माणसाला निराळं पत्र लिहिलं, खुर्ची कोण तेही सांगितलं. चिलखत्या म्हणतो, मी थुंकून चाटते. वर्षात पहिल्यांदा खरं बोलला. तरी त्याला दार बंद केलंय.

आज वर्ष झालं. ब्लॉग आहे. किळसही आहे.

लोभ परत मिळेल का, ते कळव.

भिंगरी

ता. ९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

अ. उ. आशीर्वाद, या खेपेला न मोजता.

त्या माणसाचं उत्तर आलं. तुला नाही, खुर्चीला. बाईंनी वाचलं. लिहितो, आजी, तुमच्या हसण्याने फार लागलं होतं. आता कळल्यावर मलाच हसू आलं. परत कामाला बसतो आहे. तुझ्याबद्दल त्यात अक्षर नाही. नसणारच. थोबाडीत मारणाऱ्याने मुका घ्यायला लगेच गाल मागू नये.

आता रविवारी त्या दीपगृहातल्या मुलीचं लिही. वाचणार आत्याच, पण शेजारी बाई बसतील, गाळलं तर टोकायला. भाऊ मेला असेल तर मेला असंच लिही. मला गोड करून दिलेलं आता पचत नाही.

लोभ होता तिथेच आहे, जरा घासून घे.

तुझी आजी

ता. क. भिंगरे, हे तिने सांगितलेलं नाही, तिला वाचता येत नाही म्हणून खाली लिहिते आहे. बाईंना मी रविवारी येऊ नका म्हणून कळवलंय. भाऊ मेला असला तर मला आधी फोन कर. – आत्या