गुडघ्याचे पंधरा टक्के

टंबी बे, मंगळवार

तीर्थस्वरूप नोरीन मावशीस,

कॅलमचा वाकून नमस्कार (वाकायला तुला सध्या मनाई आहे, म्हणून दोघांच्या वाटचं मीच वाकतो). गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस, की शेलीताईला नुसतं हो हो म्हणतेस? ताईच्या सांगण्याप्रमाणे बेकरी विकून अ‍ॅडलेडलाच तिच्याकडे राहायचं ठरवलंस, तरी माझी हरकत नाही.

तू फोनवर म्हणालीस, कार्डाच्या पैशांतून बँक जो दीड टक्का कापते, तो आता गिऱ्हाइकाकडून घे. मी 'कार्डावर जादा आकार' अशी पाटी लिहिली, शुद्धलेखन तीनदा तपासलं आणि दुकानातल्या तुझ्या ऑपरेशनच्या सूचनेखाली लावली (तिथे आयता खिळा होता). मशीनमध्ये आकडा भरला. दशांशचिन्ह तेवढं तपासायचं राहिलं. शनिवारी सकाळभर पंधरा टक्के कापले जात होते.

मावशी, कुणी चकार शब्द काढला नाही! सॉसच्या पुडीचे वेगळे पैसे मागितले तर आमदाराला पत्र लिहिणारी ग्लेनिस, तिनेही मुकाट्याने कार्ड टेकवलं. मला वाटलं, गाव सुधारलं. शेवटी क्लेमकाकांनी मशीनवरचा आकडा वाचला आणि ओरडले, "अरे, सॉसेज रोल विकतोस की बोट?"

गल्ल्यातले पैसे घेऊन मी धक्क्यापर्यंत एकेकाच्या मागे धावलो. ग्लेनिस म्हणाली, "ठेव ते. नोरीनच्या गुडघ्याला दिलेत."

"अहो, ते बँकेचे..."

"गुडघा बँकेचा आहे का? पाटी तिच्या ऑपरेशनखालीच लावलीस ना?"

एकानेही परत घेतले नाहीत. क्लेमकाकांनी तर दिलेच नव्हते. "पंधरा नाही, दीडही देणार नाही. पण भांडेन ते नोरीनशी. तू काय, दोन शब्दांत रडशील." (एकातच रडलो असतो.) तेव्हापासून रोज येतात, रोख देतात, पाटीकडे बघून गुरगुरतात आणि विचारतात, "कधी येतेय ती?"

बाकी क्षेम. सावकाश बरी हो.

तुझा,
कॅलम

ता. क. मशीन आता नीट आहे. दीडच टक्का कापला, तर ग्लेनिसने बँकेच्या नावाने दुकान डोक्यावर घेतलं.

ता. ता. क. जास्तीचे पैसे बिस्किटांच्या डब्यात आहेत. माझ्या हातून कुणी घेत नाही. तुझ्या हातून घेतील.

आणखी एक. वर 'हरकत नाही' लिहिलंय. खोडलं तर कागद खराब दिसेल, म्हणून इथे लिहितो : आहे. क्लेमकाका समोरच बसलेत. म्हणतात, "माझीही लिही."