नानांच्या नावाचं रक्त

दीपनगर, २० नोव्हेंबर १९९८

चि. पंडितास बेबाअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. जळगावला दिलेल्या नानांच्या रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून आला, तो सोबत पाठवतेय. होमोसिस्टीन म्हणून काहीतरी रक्तात असतं. ते पंधराच्या आत हवं, नानांचं बेचाळीस निघालंय. साखरेचा आजार असलेल्या माणसात हे इतकं वाढलं की हृदयाच्या नळ्या कधी दगा देतील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नानांना ओझं उचलू देऊ नकोस. त्यांना धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे ने, आणि वाटेत भांडू नका.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का


शिरपूर, २४ नोव्हेंबर १९९८

ती. अक्कास पंडितचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी घाबरलो, मग पोट धरून हसलो. नानांना काही झालेलं नाही गं. आता रागावू नकोस. त्या दिवशी रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं आणि आपल्या मोठ्या भावाने चोपड्याच्या स्टँडवर भजी हाणली. एवढ्या लांब परत कोण येणार? मला संकष्टी होती, पोटात चहासुद्धा नव्हता. नाना म्हणाले, "तूच बस, एकच मायनं रगत शे." एकाच आईचं रक्त म्हटल्यावर मी काय बोलणार! पुकारलं नानांचं नाव, खुर्चीत बसलो मी. तेव्हा ते बेचाळीस नानांचं नाहीच, तू निर्धास्त झोप.

मी मजेत. कापसाची वेचणी जोरात चाललीय. गाठोडं उचललं की छाती दाटून येते, डावा हात जड होतो आणि तहानही सारखी लागते, पण या दिवसांत हे चालायचंच. दाजींना नमस्कार.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा पंडित


दीपनगर, २८ नोव्हेंबर १९९८

चि. पंडितास आशीर्वाद.

अरे खुळ्या, हसतोस काय? नानांचं नाही तर मग ते कोणाचं? ते बेचाळीस तुझ्या रक्तात आहे. आपले आबा साखरेनेच पन्नाशीच्या आत गेले, आणि तुझी साखर आजवर कोणी मोजलेली नाही. तुमच्या गल्लीतला फोन लागत नाही म्हणून लिहितेय. हातातलं काम टाक आणि धुळ्याला जा. मला नाना हवेत तसा तूही हवास रे. माझ्या डोळ्याला डोळा नाही.

पोचलास की दोन ओळी तरी लिही.

अक्का


धुळे, ३ डिसेंबर १९९८

सौ. बेबास नानाचे आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. पंडितनेच वाचून दाखवलं. एवढी वेचणी उरकू, मग जाऊ म्हणाला, आणि मीही हो म्हटलं. आज सकाळी गाडीत गाठोडं टाकायला वाकला तो तिथेच कोसळला. जीपमध्ये घालून इथे आणलाय. श्वास चालू आहे, बोलत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, याचं रक्त आधी कधी तपासलंय का. मी खिशातला रिपोर्ट पुढे केला. वरचं नाव वाचून ते म्हणाले, हा तर तुमचा आहे. मी म्हणालो, "नाव माझं आहे साहेब, रक्त त्याचं आहे." ते कागद घेऊन आत पळाले. अजून कोणी बाहेर आलेलं नाही.

शेजारच्या अभिमनच्या हाती ही चिठ्ठी देतोय. मिळेल त्या गाडीने नीघ.

नाना